पहिला आलेला हरतो, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही

आमच्या मतदारसंघात सलग दोन निवडणुकांत एक गंमत झाली. पक्ष तेच, वस्ती तीच, बहुतेक मतदारही तेच, आणि निकाल बरोबर उलटा. कारण काय, तर तिसऱ्या नंबरवर येणाऱ्या पक्षाने आपल्या कार्डावरच्या दोन आकड्यांची अदलाबदल केली.

मी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये वेस्ट एंडला राहते. राज्य क्वीन्सलँड, मतदारसंघ साउथ ब्रिस्बेन. इथे मत देताना एका नावासमोर फुली मारून सुटता येत नाही. सगळ्या उमेदवारांसमोर १, २, ३ असे आकडे घालावे लागतात. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसतील, तर तळाच्या उमेदवाराचा गठ्ठा सोडतात आणि त्यातली प्रत्येक मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या ढिगात टाकतात. कोणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हेच चालतं.

३१ ऑक्टोबर २०२०. आदल्या रात्री कोजागिरी होती, त्यामुळे मी अर्धवट झोपेत रांगेत उभी होते. माझ्या पुढे आमचे शेजारी. ग्रीक आजोबा, वेस्ट एंडच्या जुन्या ग्रीक वस्तीतले. आयुष्यभर उजवीकडे मत दिलेला माणूस, म्हणजे इथल्या एलएनपीला. केंद्राबाहेर प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते 'हाऊ टू व्होट' कार्ड वाटत असतात. आपल्या उमेदवाराला १ द्या, मग याला २, त्याला ३, असं सगळं छापलेलं. आजोबांनी एलएनपीचं कार्ड घेतलं, आत गेले, कार्ड शेजारी ठेवून शाळेतल्या मुलासारखे आकडे उतरवले आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन सॉसेजच्या रांगेत लागले. (इथे मतदानाच्या दिवशी पावात सॉसेज घालून विकतात, शाळेच्या मदतनिधीसाठी. त्याशिवाय मतदान पुरं झाल्यासारखं कोणाला वाटत नाही.)

त्या कार्डावर लेबर, म्हणजे डावीकडचा मोठा पक्ष, ग्रीन्सच्या, म्हणजे त्याहून डाव्या छोट्या पक्षाच्या, खाली होता. लेबरच्या जॅकी ट्रॅड मे २०२० पर्यंत राज्याच्या उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री होत्या. त्यांना पाडायची संधी एलएनपीला दिसत होती. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: ग्रीन्सच्या एमी मॅकमेहन साधारण ३८ टक्के, ट्रॅड ३४, एलएनपी २३. शेवटच्या मोजणीत मॅकमेहन ५५, ट्रॅड ४५. म्हणजे बाकीच्यांचे गठ्ठे फुटल्यावर ग्रीन्सला १७ मिळाले आणि लेबरला ११. घरभाडं गोठवा म्हणणाऱ्या, राज्यातल्या सगळ्यात डाव्या पक्षाची आमदार निवडून आली, आणि त्या वाढीव मतांत मोठा वाटा आमच्या आजोबांसारख्या उजव्या मतदारांचा!

चार वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०२४. घरी चकलीच्या भाजणीचा वास, रांगेत तेच आजोबा, हातात त्याच पक्षाचं कार्ड. फक्त या वेळी त्यावर ग्रीन्स लेबरच्या खाली गेले होते. पहिल्या पसंतीत मॅकमेहन याही वेळी पुढे होत्या. पण एलएनपीचा गठ्ठा उघडला आणि लेबरच्या बार्बरा ओशे साधारण ५६ विरुद्ध ४४ ने जिंकल्या. २०२० चा निकाल जवळजवळ आरशात धरल्यासारखा.

दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुमच्याकडे लोकशाही आहे की लकी ड्रॉ? सगळ्यात जास्त मतं मिळाली ती बाई घरी?"

त्याचं चुकत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त मतं घेणारा जिंकतो, हे आपल्या हाडात मुरलंय. पण त्याच हाडात आणखी एक गोष्ट मुरलीये, ती म्हणजे "याने त्याची मतं खाल्ली". महाराष्ट्रातल्या कुठल्याही निकालानंतर पारावर, पानाच्या टपरीवर, टीव्हीवर तासन् तास हीच चर्चा. अमक्या बंडखोराने किती मतं खाल्ली, तमक्या आघाडीमुळे किती जागा गेल्या, एकाच नावाचे तीन डमी कोणी उभे केले. तीस-पस्तीस टक्क्यांवर आमदार होतो आणि उरलेले पासष्ट एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. ही "मतं खाणं" भानगड इथल्या माणसाला समजावताना माझी दमछाक झाली, कारण इथे छोट्या पक्षाला १ दिलं तरी मत वाया जात नाही, ते पुढे चालत राहतं.

मुळात ही पद्धत देशाच्या निवडणुकीत आली तीच मतं खाण्याच्या भीतीपोटी. १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मतं फुटली आणि लेबरचा एडविन कॉर्बॉय जेमतेम ३४ टक्क्यांवर निवडून आला. वय वर्षं २२. सत्ताधाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली आणि त्याच वर्षी कायदा बदलला.

तत्त्व वगैरे कोणाचंच नव्हतं आणि आजही नाही, हे सांगितलं पाहिजे. क्वीन्सलँडचंच बघा. १९९२ पासून इथे ऐच्छिक पद्धत होती. फक्त १ लिहा, बाकी लिहा-नका लिहू. २००१ मध्ये उजवीकडे नॅशनल, लिबरल आणि वन नेशन अशी भाऊबंदकी माजली होती. लेबरचे मुख्यमंत्री पीटर बीटी यांनी घोषणाच दिली: फक्त १ लिहा. उजव्यांची मतं एकमेकांकडे गेलीच नाहीत आणि लेबरने ८९ पैकी ६६ जागा नेल्या. पुढे डावीकडे ग्रीन्स वाढले. आता फक्त १ लिहिणाऱ्या ग्रीन मतदारामुळे लेबरचं नुकसान व्हायला लागलं. मग २०१६ मध्ये त्याच लेबरने जागा ८९ च्या ९३ करणाऱ्या विधेयकाला दुरुस्ती चिकटवली आणि सगळे आकडे सक्तीचे केले. विरोधकांना सूचना मिळाली १८ मिनिटांची. आमच्या सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा यापेक्षा जास्त मुदत देतात.

आणि आता एलएनपी. त्यांच्या डेव्हिड क्रिसाफुलींनी २०२४ च्या निवडणुकीआधीच सांगून टाकलं होतं की आम्ही परत ऐच्छिक पद्धत आणू. निवडणूक जिंकून ते मुख्यमंत्रीही झाले. मतदाराला नको त्याला आकडा द्यायची सक्ती कशाला, असा त्यांचा मुद्दा. ऐकायला गोड आहे. पण २०१७ मध्ये शेजारच्या मायवार मतदारसंघात त्यांचे स्कॉट एमर्सन पहिल्या पसंतीत चांगले पुढे होते. ग्रीन्स आणि लेबर यांच्यात दुसरं कोण, हे अगदी थोडक्या मतांनी ठरलं, लेबर बाद झालं, त्यांचा गठ्ठा ग्रीन्सच्या मायकल बर्कमनकडे गेला आणि एमर्सन पडले. ऐच्छिक पद्धतीचं हे प्रेम कुठून आलं ते यातून कळतं.

माझं मत विचाराल तर सगळे आकडे सक्तीचेच असावेत. नावडत्या माणसाला ५ लिहिताना हात अडखळतो, हे खरं. पण ५ म्हणजे त्याला मत नव्हे. बाकी कोणीच उरलं नाही तर हा, एवढंच.

माझं भांडण त्या कार्डाशी आहे. कार्ड म्हणजे पक्षांनी बंद खोलीत केलेला सौदा, छापून आपल्या हातात दिलेला. आपल्याकडे तो निकालानंतर हॉटेलात होतो, इथे आधी होतो, एवढाच फरक. कार्ड पाळायची सक्ती कोणावर नाही. तरी एका कार्डावर दोन नावं वरखाली झाली आणि पंचावन्नाचे चव्वेचाळीस झाले.

दादाला पसंतीक्रम नवा नाही, तो उगाच कळत नसल्याचा आव आणतो. १ डिसेंबर २०२० ला त्याने पुणे पदवीधरला मत दिलंय, आयोगाने दिलेल्या त्या जांभळ्या स्केचपेनने. तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "टिक केली तर चालेल ना?" नाही चालत. अक्षरात 'एक' लिहिलं तरी मत बाद. पदवी घेतलेली माणसं त्यात मतं बाद करून येतात, हा वेगळाच विषय. आणि तिथेही १ सोडून बाकी आकडे ऐच्छिकच, म्हणून बरेच जण १ लिहून पेन ठेवतात. २० जून २०२२ ची विधान परिषद तर सगळ्यांना आठवत असेल. दहा जागा, अकरा उमेदवार, निवडून यायला कोटा २६ मतांचा. काँग्रेसने ज्यांना पहिलं धरलं होतं ते हंडोरे पडले, भाजपचा पाचवा निवडून आला, आणि त्याच रात्री सुरतेच्या गाड्या सुटल्या. आमदारांना पसंतीक्रम बरोबर कळतो.

निकालानंतर एका संध्याकाळी आजोबांना कुंपणावरून फराळाचा डबा दिला आणि विचारलं, "तुम्हाला २०२० मध्ये ग्रीन्स हव्या होत्या?"

"छे!"

"मग या वेळी लेबर?"

"मुळीच नाही. मी दोन्ही वेळा माझ्या पक्षाला एक नंबर दिला."

"आणि बाकीचे आकडे?"

"ते कार्डावर होते ना."

मी त्यांना ३८, ३४, २३ चं गणित सांगितलं. त्यांनी चकली मोडली, थोडा वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमदार दोन्ही वेळा मीच ठरवला, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?"

पुढची निवडणूक २८ ऑक्टोबर २०२८ ला आहे. तोपर्यंत कायदा बदलला नाही तर कार्ड न घेता आत जाईन म्हणतायत. चश्मा विसरला नाही तर.