उरलेल्या डांबराचं स्थापत्यशास्त्र

मुंबईच्या गल्लीतला स्पीडब्रेकर गाडीचा वेग मोडतो की नाही ते बाजूला ठेवू, रिक्षात मागे बसलेल्याची कंबर मात्र हमखास मोडतो. मी त्याला दोष देत नाही. त्याचा जन्मच तसा. शेजारच्या रस्त्याचं काम संपत आलेलं असतं, चार घमेली गरम डांबर उरलेलं असतं, सोसायटीचे सेक्रेटरी "इथे पण टाका की" म्हणतात, फावड्याने थापलं की झालं. उंची किती? उरलं तेवढी.

कागदावर याचं माप ठरलेलं आहे. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गोल पाठीचा गतिरोधक सांगितलाय: गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गेलात तर पोटातलं पाणी हलायला नको, ४०ने गेलात तर हललंच पाहिजे. आपण यातली उंची निष्ठेने पाळतो, कधी वर दोन बोटं जास्तच घालतो. ३.७ मीटरचे मात्र ३० सेंटिमीटर होतात.

आणि इथेच घोळ होतो. आखूड, उभ्या उंचवट्यावरून जोरात गेलं तर चाक उसळतं, स्प्रिंग दाबली जाते आणि गाडीचं धूड वर यायच्या आत उंचवटा संपतो. हळू जाणाऱ्याला चढ आणि उतार दोन्ही इमानेइतबारे भोगावे लागतात. म्हणजे शिक्षा होते ती सावकाश चालवणाऱ्याला. लांब पाठीवर अख्खी गाडी चढते, म्हणून तिथे वेगाबरोबर त्रासही वाढतो.

नीट करायचा तर फळीचा साचा कापून घ्यावा: उंची मध्ये १०० मिलिमीटर, कडेपासून ९२ सेंटिमीटर आत ७५ मिलिमीटर, कडेला शून्य. दोन्ही कडांना रस्त्यात खाच कापावी, नाहीतर पातळ कडा टायरखाली तुटून पायरी उरते. काँक्रीटचा रस्ता असेल तर आधी पृष्ठभाग खरवडून, धूळ झाडून, डांबराचा चिकट हात मारावा. तो चुकवला की पहिल्या पावसात सगळा गतिरोधक पापुद्र्यासारखा निघतो. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी पाटी, हेही कामातच धरलेलं असतं. पट्टे राहून जातात, त्यामुळे रात्री स्पीडब्रेकर दिसत नाही, कळतो.

मग पाणी. उंचवटा कडेपासून कडेपर्यंत बांधला की जुलैत त्याच्या वरच्या अंगाला तळं साचतं. म्हणून गटाराकडे फट सोडावी लागते. त्या फटीतून पाण्याच्या आधी मोटारसायकली वाहू लागतात.

परदेशात यावर 'उशी' काढली. उंचवटा पूर्ण रस्ताभर न करता इतकाच रुंद, की बसची आणि रुग्णवाहिकेची चाकं दोन्ही बाजूंनी जातील, अरुंद गाड्यांची मात्र त्यावर चढतील. कल्पना छानच. पण आपल्या रिक्षाला चाकं तीन. पुढचं मधलं चाक वाचवा, मागचं एखादं चढणारच.

माझ्या मते खरी मेख कोपऱ्यात आहे, आणि तिथे कुणी पाहत नाही. वळणाची त्रिज्या ४ मीटरवरून १२ केली की आरामात वळण्याचा वेग साधारण पावणेदोनपट होतो, शिवाय चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही वाढतं. 'ट्रॅफिक सुटसुटीत' करण्याच्या नावाखाली फुटपाथाचा कोपरा छाटतात, मग वेग वाढला म्हणून दहा पावलांवर स्पीडब्रेकर थापतात. कोपरा परत पुढे आणला तर डांबराचं घमेलं वाचेल. पण कोपऱ्याचं उद्घाटन कोण करणार?

सगळ्यात गुणी प्रकार म्हणजे उंच क्रॉसिंग. फुटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर रस्ताच तेवढा वर आणायचा, दोन्हीकडे एकास दहा उतार म्हणजे दीड-दीड मीटर, मध्ये निदान ३ मीटर सपाट. आजीबाईंना पायरी उतरावी लागत नाही, गाडीला चढावं लागतं. फक्त दोन्ही टोकांना खांब रोवायला विसरू नये, नाहीतर गाड्या त्यावरून थेट फुटपाथावर. खांबांत व्हीलचेअर जाईल एवढी जागा हवीच, आणि व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही जाते. त्यावर हवालदार सोडून दुसरा इलाज मला तरी दिसलेला नाही.