सैराटवर व्हाईटनर

प्रोजेक्ट एवढंच की मराठी सिनेमांच्या ट्रेलरचे लाईक-कमेंट आडव्या अक्षावर, कमाई उभ्या अक्षावर, आणि आलेख आर (R) या आकडेवारीच्या संगणक भाषेत. आता कमाईचे आकडे आपल्या पद्धतीने लिहिलेले, १,१०,००,००० असे, आणि आर त्या स्वल्पविरामांमुळे आख्खा कॉलम मजकूर समजतं, नंबर करायला गेलं की खालपर्यंत नुसतं एनए एनए, म्हणजे आकडाच नाही. स्वल्पविराम उडवले, लॉग स्केल टाकला, म्हणजे अक्षावर सारख्या अंतराला दहापट वाढणारं माप, गावाकडचे सिनेमे हिरवे नि शहरी निळे केले. २०१० मध्ये एचपी लॅबच्या असुर आणि ह्यूबरमननी ट्विटच्या वेगावरून हॉलिवूड सिनेमांच्या पहिल्या वीकेंडची कमाई आधीच सांगून दाखवली होती. त्यांना अमळनेरात झेरॉक्स मारायच्या नव्हत्या.

झेरॉक्सवाल्या आप्पांना सांगितलं, एक रंगीत प्रिंट काढा, त्यावरून बाकीच्या कॉपी. चहा पिऊन येतो तर गठ्ठा तयार, आणि सैराट गायब! २०१६ चा सिनेमा, १०० कोटींच्या वर गेलेला पहिला मराठी, माझ्या आलेखात सगळ्यांच्या वर एकटा टांगलेला ठिपका, ज्याच्यावर दीड पान लिहिलंय. तिथे पांढरं.

"आप्पा, इथला ठिपका?"

"तो डाग व्हता ना भो. व्हाईटनर लाई दिन्हं. पैसा नई लागाव त्याना."

"डाग नाही हो, सैराट आहे तो!"

आप्पांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला. "सैराट? मंग आते सांगस का! तो ते मी तीनदा देखेल शे." मागे लग्नपत्रिका घेऊन उभा असलेला एक जण म्हणाला, मीपण पाह्यला, पण लाईक नव्हतं केलं, मंग माझं तिकीट यात कोठे धरलं? याला काय उत्तर देणार, कारण खरी बोंब तीच आहे, लाईक विकत मिळतात, कमाई निर्माता सांगेल ती, कोणी करासकट ग्रॉस सांगतो कोणी कर वजा करून नेट, आणि मार्क मात्र माझे कापणार.

तोवर आप्पांनी बॉलपेन उघडून वाळलेल्या व्हाईटनरवर चांगला हरभऱ्याएवढा ठिपका गिरवला, अक्षाच्याही बाहेर. "आते बठ्ठास्ले दिसी."

कॉपी सगळ्या काळ्या-पांढऱ्या, हिरवे-निळे एकाच रंगाचे. पैसे रंगीतचे घेतले.