ते बेट निर्मनुष्य नव्हते

आज सकाळी एका मैत्रिणीने आफ्रिकेत झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवर असलेल्या करिबा सरोवरातील बेटावरच्या आलिशान लॉजची छायाचित्रे टाकली आणि खाली लिहिले, ‘जिथे माणूस कधी राहिलाच नाही अशी जागा.’ छायाचित्रे सुरेख आहेत. पण त्या ओळीने मला दिवसभर स्वस्थ बसू दिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी मीही तिथे राहून आले. संध्याकाळी आमच्या टोंगा या तिथल्या मूळ जमातीच्या नावाड्याने पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांच्या मधोमध इंजिन बंद केले आणि खाली बोट दाखवून म्हटले, “माझे आजोबा इथे पुरलेले आहेत.”

झांबेझी नदीवरचे धरण १९५९ मध्ये पूर्ण झाले आणि पाणीसाठ्याच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठे मानवनिर्मित सरोवर तयार झाले. ज्यांना आपण बेटे म्हणतो, ते बुडालेल्या खोऱ्यातील टेकड्यांचे माथे आहेत. तिथून सुमारे ५७,००० टोंगा उठवले गेले. १९५८ मध्ये गाव सोडायला नकार देणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण मेले. प्राण्यांसाठी मात्र ‘ऑपरेशन नोआ’ उभे राहिले, सहा हजारांहून अधिक जनावरे वाचवली गेली, आणि त्यांच्या पायांना दोर काचू नयेत म्हणून बायकांचे नायलॉनचे मोजे गोळा करून त्यांचे दोर वळले गेले. माणसांना ट्रकमध्ये भरून नेले! आमच्या लॉजच्या माहितीपत्रकात त्या प्राण्यांवर दोन पाने होती, टोंगांवर एक ओळही नव्हती.

लॉजमुळे काही घरांत पगार येतो, हे मान्य. तो नावाडीही तिथलाच नोकर होता. म्हणून त्याचे गाव नव्हतेच, असे कसे लिहायचे? माझ्या आजीचे गाव उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर आले का, ते पाहायला ती जात असे. तिथे कधी कोणी राहतच नव्हते, असे तिच्यासमोर बोलण्याची कोणाची छाती झाली असती?

मैत्रिणीवर माझा राग नाही. तिने कष्टाने पैसे साठवले आहेत, तिथला सूर्यास्त मलाही विसरता येत नाही. पण तू अजून दोन दिवस तिथे आहेस, तर नावाड्याला त्याचे गाव विचार. आमच्या नावाड्याने ते स्वतः पाहिलेले नव्हते; वडिलांनी सांगितलेल्या खुणेवरून, इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी, झाडांच्या कोणत्या रांगेपाशी त्यांचा ओढा होता तेही त्याने मला दाखवले.