मिलोच्या भाकरीचा प्रश्न का घेतला

नमस्कार सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 1972 च्या दुष्काळावर आजींची मुलाखत घ्यायची तर लोकांकडून प्रश्न मागवलेच कशाला, आणि मागवले तर साठातले चौदाच का घेतले, त्यातही भाकरीचे नि लेकराबाळांचे घेऊन भ्रष्टाचाराचा का गाळला.

एक चूक मान्य. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांना कारण कळवायला हवं होतं, ते या आठवड्यात कळवतो.

पण निवडीबद्दल मी ठाम आहे. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून, त्यात या योजनेचे जनक वि. स. पागेंचं काम, हे सगळं छापील मिळतं, ते ऐंशीच्या पुढच्या बाईला विचारणं म्हणजे तिची परीक्षा घेणं. 'तेव्हा फार हाल झाले ना?' असेही बरेच होते, त्यावर माणूस 'हो, लई' म्हणतं आणि गप्प बसतं. मला हवे होते ते प्रश्न ज्यांचं उत्तर फक्त आजींकडेच आहे, आणि मी शहरात वाढलेला, मला एकट्याला ते सुचलेच नसते. 'मिलोची (दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी थापता यायची का?' हा एका ताईंनी पाठवला, त्यांच्या आईने ती केलेली. विचारल्याबरोबर आजींनी दोन्ही हात पुढे घेऊन थापूनच दाखवलं, तांबडं पीठ, चिकी अजिबात नाही, कडा फाटायच्या, मग पिठात आधण ओतून मळायचं. तिथून वीस मिनिटं त्या थांबल्याच नाहीत, रस्त्याची खडी फोडायच्या दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी, बाभळीला बांधलेली झोळी, मी काही न विचारता आलं सगळं.

आणि भ्रष्टाचाराचा प्रश्न गाळला नाही हो, बदलला. 'खडीचं माप कोण घ्यायचं, तेव्हा तुम्ही कुठं असायचात?' असा विचारला. मुकादम टेप लावायचा तेव्हा बायकांना लांब उभं करायचे, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा आधी नि आकडा नंतर, असं आजींनी सांगितलं. 'भ्रष्टाचार झाला का' विचारलं असतं तर नुसतं 'झाला की' मिळालं असतं.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमचे वडील त्याच रस्त्याच्या कामावर होते. कामावर पिण्याच्या पाण्याचा माठ सगळ्यांना एकच होता का, हे त्यांना विचाराल का? पुढच्या महिन्यात आजींकडे परत जायचंय आणि हा प्रश्न त्यांच्यापुढे कसा मांडायचा हे मला अजून जमत नाहीये, तुमच्या वडिलांना कसा विचारलात तेवढं जरूर कळवा.