पोहोचलात, पण वर

ऑगस्टमध्ये एडिंबऱ्याला येऊ नका, असं तिथले लोकच सांगतात. सांगतात आणि स्वतःचं घर महिनाभर भरमसाट भाड्याने देऊन निघून जातात. आमच्या लेकीने आम्ही येणार म्हणून घर भाड्याने दिलं नाही, आणि हा त्याग ती आम्हाला विसरू देत नव्हती.

युद्धाने पिचलेल्या युरोपला जरा गाणं-नाटक ऐकवावं म्हणून 1947 साली इथे ऑगस्टातला मोठा महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागी प्रयोग करू लागल्या. त्या आगंतुकांचा महोत्सव म्हणजे फ्रिंज. आता त्यात 3,000 च्या वर कार्यक्रम असतात आणि मूळ यजमान एका बाजूला उभा असतो. ज्याने मराठी लग्नात पंगत वाढली आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

निवड समिती नाही. जागा मिळाली की कार्यक्रम सुरू. चर्च, दारूचा गुत्ता, कॉलेजचा वर्ग, तळघर, काहीही चालतं. सौ.ने पुस्तक चाळून सहा कार्यक्रमांवर खुणा केल्या. त्यांतला पहिला मोबाइलच्या नकाशावर आमच्यापासून पन्नास पावलांवर होता.

इथे या शहराची खोड सांगायला हवी. जुनं एडिंबरा डोंगराच्या कण्यावर बसलंय आणि दोन्ही अंगांना दरी आहे. दरीवर त्यांनी पूल बांधले आणि पुलांना चिकटून दोन्हीकडे इतकी घरं उभी केली, की पूल दिसेनासे झाले. साउथ ब्रिजला 19 कमानी आहेत, पैकी उघडी दिसते एक. आपण दुकानं बघत सपाट रस्त्यावरून चालतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात आपण पुलावर असतो. खाली काउगेट नावाचा दुसरा रस्ता जातो. नकाशावर दोन्ही एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात मध्ये काही मजल्यांचं अंतर आहे, आणि मोबाइलला मजले कळत नाहीत.

“पोहोचलो आपण,” मी म्हणालो.

“अहो, इथे लोकरीचे मफलर विकतायत.”

“बाबा, खाली,” लेक फोनवरून म्हणाली. “तुम्ही वर आहात.”

खाली जायला गल्ल्या असतात, त्यांना क्लोज म्हणतात. दोन भिंतींमधला ओला दगडी जिना, समोरून कोणी आलं तर पोट आत घेऊन उभं राहायचं. तिथे जायला रॉयल माइलवरून जायचं होतं. किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा हा रस्ता एरवी सुंदर असणार. ऑगस्टमध्ये तिथे पाच पावलांवर एक कलाकार पत्रक घेऊन उभा असतो. बरेचजण भाड्याने माणसं लावत नाहीत, स्वतः उभे राहतात, पावसात, चेहऱ्याला रंग लावून. एका मुलीने तर अर्धी जलपरी होऊन माझ्या हातात पत्रक ठेवलं. शेपटी भिजू नये म्हणून तिने ती एका हाताने वर धरली होती. तिला नाही कसं म्हणणार? सेंट जाइल्स चर्चपर्यंत येता येता माझे चारही खिसे भरले.

तेवढ्यात ‘धडाम’ झालं. सौ.ने माझा दंड धरला. किल्ल्यावरची एकची तोफ. रविवार सोडून बहुतेक रोज दुपारी एकला उडते, बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून 1861 पासून. आम्हाला तिने एवढंच कळवलं, की आमचा कार्यक्रम सुरू झाला.

उशिरा आलेल्यांना तिथे आत घेत नाहीत. म्हणजे तसं लिहिलेलं होतं. आम्हाला दारावरच्या मुलाने अक्षरशः ओढून आत घेतलं. आतमध्ये ओल आलेली कमान, तीस खुर्च्या आणि दोन प्रेक्षक. आम्ही धरून चार. विनोद सांगणारा तरुण आम्हाला बघून इतका हरखला, की त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. आधीच्या दोघांनी आमच्याकडे जे बघितलं, ते मी लिहीत नाही.

पुण्यात सवाईला मांडवभर माणसं असतात. ख्याल लांबला की निवांत उठावं, बाहेर वडा खावा, द्रुत सुरू झाली की परत येऊन मान डोलवावी. गवयाला पत्ता लागत नाही. चार प्रेक्षकांत उठणं म्हणजे पंचवीस टक्के सभागृह रिकामं करणं! तो स्कॉटिश बोलीत भरधाव सुटला होता. दहातला एक शब्द कळत होता. सौ. मात्र प्रत्येक थांब्यावर हसत होती.

“कळतंय तुला?” मी कुजबुजलो.

“हसा हो. बिचारा एकटा उभाय.”

तिकीट नव्हतं, पण शेवटी तो बादली घेऊन दारात उभा राहिला आणि दार एकच होतं. सुट्टे नाहीत, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बादलीलाच कार्डाचं यंत्र चिकटवलेलं. पैसे घेऊन झाल्यावर त्याने सौ.च्या हातात पत्रकांचा गठ्ठा ठेवला. मित्रमंडळींना सांगा म्हणाला.

वर येऊन बघतो तर रॉयल माइलवर नागपूरकडचं एक कुटुंब सेल्फी काढत होतं. मी अडवायच्या आत सौ. पोहोचलीसुद्धा.

“जा हो नक्की, फार छान करतो मुलगा. आत कोरडं आहे आणि खुर्ची मिळते.”

“बघतो ना ताई,” त्या गृहस्थांनी पत्रक घडी करून खिशात घातलं, “जमलं तर.”

“जमवाच,” सौ. म्हणाली. “हे दाखवतील रस्ता.”