वर्गातला मध्यम

परवा मला शेरा मिळाला. 'गणित शिक्षिकेने प्रत्येक विद्यार्थ्याच्या पातळीनुसार अध्यापन करावे.' अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक. पेन माझं होतं. शेरा शाळेच्या वहीत राहिला आणि पेन तपासणीला आलेल्या साहेबांच्या खिशातून तालुक्याला गेलं. दहा रुपयांचं असेल, पण खरी चीड त्या पेनाची आहे. शेऱ्यांची सवय झालीय.

माझी सातवी म्हणजे पटावर ४१, परवा हजर ३६. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं म्हणतो, म्हणजे सहा मुलांना मी कायद्याच्या वरकड शिकवते. त्यात सहावीचे सर मतदार याद्यांच्या कामावर, म्हणून मधलं दार उघडं ठेवून एक कान तिकडे. या एका खोलीत गणिताच्या निदान पाच इयत्ता बसतात. पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, पाचवीला शिष्यवृत्तीत आलेली. फळ्यावर गणित लिहून मी खडू खाली ठेवते न ठेवते तोच तिचं, "मॅडम, झालं. आता काय करू?" दिवसातून आठ वेळा. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि खिडकीजवळ एकजण आहे, त्याच्या वहीत ५२ मधून २७ गेले की ३५ उरतात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहानातून मोठं जात नाही असं त्याला पहिलीत कुणीतरी सांगितलं असणार, आणि तो दिल्या शब्दाला जागतोय. उत्तर चूक आहे, पण निष्ठा बघा! उरलेली मुलं एकच विचारतात, "मॅडम, ह्यात गुणायचं का भागायचं?" ते सांगितलं की त्यांच्या दृष्टीनं गणित सुटलं.

खिडकीवाल्याला मी फार बोलत नाही, कारण आपली मराठीही त्याला मदत करत नाही. 'सत्तावीस' म्हणताना जीभ आधी सात म्हणते, मग वीस. हाताने मात्र आधी दोन लिहायचा, मग सात. एकोणतीस तर विशीतला असून तिशीच्या नावावर जगतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचायची सोय केली होती. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, गणितातल्या जाणकार बाई. पण चेष्टा थेट विधिमंडळापर्यंत गेली. मीही स्टाफरूममध्ये 'पन्नास दोन' करून हसले होते. आता तो सत्तावीसच्या जागी ७२ लिहितो तेव्हा मला ते हसू आठवतं आणि मी खडू शोधायचं निमित्त करून फळ्याकडे वळते.

बरं, या मुलांचं वर्ष मोजा. पहिली संपत आली आणि मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं. दुसरी पूर्ण आणि तिसरीचा बराचसा भाग घरी. हातचा घ्यायला शिकायचे दिवस नेमके तेच. ज्यांच्या घरी मोबाईल होता ती मुलं मोबाईलवर शिकली, ज्यांच्या घरी नव्हता ती शेळ्यांमागे गेली. मग सगळी एकाच दिवशी एकाच दारातून परत आली आणि सगळ्यांच्या पुढ्यात चौथीचं एकच पुस्तक आलं. हातचा मागेच राहिला, तो अजून आलेला नाही.

उपाय नाहीत असं नाही. उपायांचंच प्रशिक्षण असतं, जेवणासकट. तिथे सांगतात, गट करा. केले. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून नावं ठेवली गुलाब, मोगरा आणि झेंडू. पुढच्या चार मिनिटांत मागून आवाज आला, "मॅडम, झेंडू म्हंजी ढ ना?" आणि दुसऱ्या दिवशी एक आई दारात. "माझ्या पोराला झेंडूत का टाकलं?" मी म्हटलं, अहो ताई, झेंडू देवाला वाहतात. तर म्हणाल्या, "दसरा झाला की उकिरड्यावर टाकत्यात." याला उत्तर नव्हतं. गट मोडले.

मग मला कापरेकर सापडले. द. रा. कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. कुठलाही चार अंकी आकडा घ्यायचा, सगळे अंक सारखे नकोत एवढंच. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायचं. जे येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतात आणि मग तिथून हलत नाहीत. ३५२४ घ्या : ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, झाले ६१७४. हे माझ्या वर्गासाठीच शोधलंय की काय असं वाटलं. खिडकीवाला न कुरकुरता हातच्याची वजाबाकी करतोय, कारण त्याला ६१७४ पर्यंत पोचायचंय. जुन्या सवयीनं उलटी वजाबाकी करत राहिला तर पोचत नाही, मग स्वतःच मागे जाऊन चूक हुडकतोय. पहिला बाक विचारतोय, "मॅडम, तीन अंकी घेतलं तर?" घे बाई, घे! (४९५ येतात. तिला ते काढायला आख्खा तास लागला. त्या तासात "आता काय करू" एकदाही नाही.)

परवा नेमकं हेच चाललं होतं, आणि साहेब आले.

साहेब फळ्याकडे बघत राहिले. फळ्यावर मोठ्या अक्षरात ६१७४, भोवती चौकट.

"हा ओटीपी कसला आहे, मॅडम?"

मला राग येणार होता, पण त्यांचंही बरोबर आहे. आमच्या खात्यात चार अंकी आकडा दुसऱ्या कशासाठी असतो? मी कापरेकर सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "हे कोणत्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?" म्हणजे कोणत्या इयत्तेला काय यायला हवं, त्या यादीत. मी म्हटलं, वजाबाकी आहे सर. "सातवीला वजाबाकी नाहीये," साहेब म्हणाले. तेही खरंच आहे.

मग पिशवीतून एक प्रपत्र निघालं. त्यात तीन रकाने. "एक हुशार विद्यार्थी, एक मध्यम, एक कच्चा. नावं द्या. तिघांना एकेक गणित घालतो आणि निघतो."

हुशार म्हटल्यावर पहिला बाक आपोआप उभा राहिला. कच्चा म्हटल्यावर खिडकीवाला उठला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला जागा माहीत होती, एसटीत रोजची सीट असते तशी. मला ते बघवलं नाही, पण साहेबांनी दोन्ही नावं घातली.

"मध्यम कोण?"

कुणी हलेना.

"अरे, मध्यम कोण आहे वर्गात?"

"सर," मागून एकजण उभा राहिला, "आमी सगळेच मराठी माध्यम."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तो खुलासा समजून घेतला. "माध्यम नाही रे. मध्यम. म्हणजे फार हुशार नाही, फार ढ नाही." यावर पोरांनी एकमेकांकडे बोटं दाखवायला सुरुवात केली. "हा सर, हा!" "मी न्हाई, मी ढ हाय, मॅडमला इचारा." मुलं ढ व्हायला तयार होती, हुशार व्हायला तर होतीच, पण मध्यम व्हायला कुणी तयार नव्हतं. एवढ्यात खिचडीवाल्या मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, निवायला लागली." साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं. मावशींना वाटलं, विचारणा खिचडीची चालली आहे. "मध्यमच हाय सायेब, तिखट न्हाई केली."

शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही गणिताच्या. परवाच्या चाचणीची सरासरी काढा. सरासरीच्या जवळचा तो मध्यम."

दहा गुणांची चाचणी होती. बेरीज १७६, मुलं ३६. साहेबांनी मोबाईलवर भागाकार केला. "चार पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

"सर, आठ थांबत नाहीत," पहिला बाक म्हणाला. "पुढं चालूच राहतात."

"राहू देत. पाच गुणवाला कोण?"

पाच गुण कुणालाच नव्हते.

"चार?"

नाही.

"सहा?"

माझ्या वर्गात आठ-नऊ मिळवणारी मुलं आहेत, आणि शून्य, एक, दोन मिळवणारी आहेत. मध्ये मैदान आहे. मी रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहून जे शिकवते ते या मैदानावर पडतं. डावीकडच्यांना ते आधीच येत असतं आणि उजवीकडच्यांपर्यंत ते पोचत नाही. ज्याच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलंय, टाचण काढलंय, तासिका लावलीय, तो पाच गुणांचा मुलगा मी १४ वर्षांच्या नोकरीत फार क्वचित बघितलाय. हे मी साहेबांना सांगणार होते. साहेब गणितात होते.

"मग आठ जवळ की दोन जवळ?"

"दोन," पहिल्या बाकाने लगेच सांगितलं. "तीनपेक्षा थोडं कमी अंतर हाय."

"दोन गुण कुणाला?"

खिडकीवाला पुन्हा उभा राहिला. या वेळी जरा गोंधळून. आत्ताच तो कच्चा होता, आता मध्यम होत होता. वर्षभरात मी त्याला एवढं पुढे आणू शकले नव्हते.

साहेबांनी प्रपत्राकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "दोनवाला मध्यम कसा दाखवायचा? वर गेल्यावर विचारतील. आणि याला मध्यम केला तर कच्चा कोण?"

"मी होतो सर कच्चा!" मराठी माध्यम ओरडला.

खिचडीचा वास वर्गात आला होता. साहेबांना पुढे आणखी दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, हजेरी ओढून घेतली, माझं पेन उचललं, आणि नावांवरून पेन खाली नेत नेत एका जागी थांबले.

"हा कोण? गैरहजर दिसतोय."

"तो दिवाळीपासून नाही सर. आईवडील ऊसतोडीला गेलेत, धाकट्या बहिणीला सांभाळायला त्यालाही नेलंय. हंगाम संपल्यावर येईल."

"म्हणजे चाचणी दिली नाही."

"नाही."

"मग गुण नाहीत. मग मध्यम म्हणायला काय हरकत आहे?"

मला हरकत सुचेना. खरं तर पुष्कळ सुचत होत्या. मुलगा फडावर आहे, त्याचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालायला मी कागद दिला होता त्याचं काय झालं, हे विचारायचं होतं. पण ३६ मुलं भुकेली होती, दारात मावशी उभ्या होत्या, आणि मला मेलीला त्या क्षणी सुटका हवी होती. साहेबांनी मध्यमच्या रकान्यात त्याचं नाव घातलं. 'गणित सोडवले का?' या रकान्यात 'होय'. मग शेरेबुक मागवलं आणि माझ्याच पेनाने मला पातळीनुसार शिकवायला सांगितलं. पेन खिशाला लावलं. खिचडी खाल्ली. मध्यम आहे म्हणाले.

काल संध्याकाळी त्या पोराची आजी पाणंदीत भेटली. म्हातारी एकटीच असते गावात, शेरडं सांभाळून. नातवाचं विचारलं तर म्हणाली, फोन लागत नाही. काहीतरी बरं सांगावं म्हणून मी म्हटलं, "आजी, तुमचा नातू वर्गात मध्यम आलाय. साहेबांनी कागदावर लिहून नेलंय."

"म्हंजी पास का?"

सातवीत कुणाला नापास करता येत नाही. मी म्हटलं, "हो, पास."

आजीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग आता त्यानं यायची गरज न्हाई न्हवं?"