कापलेल्या स्प्रिंगचा हिशोब

गाडी लो करण्याचा, म्हणजे ती खाली बसवण्याचा, एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. थोडक्यात असा: ‘लो स्प्रिंगचा महागडा सेट कशाला? कंपनीच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापा. स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, म्हणून गाडी आपटत नाही. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली आल्यामुळे वळणावर झोपत नाही. अ‍ॅव्हरेज वाढतं. स्टिअरिंगला हात लावलेला नसतो, त्यामुळे अलाइनमेंटची गरज नाही. आणि आरसीवर उंची लिहिलेली नसते, म्हणजे आरटीओचा प्रश्नच मिटला.’

पहिलीवहिली गाडी घेतलेल्या पोरांना हे पटतं, कारण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. मलाही पटलं होतं. सहा महिन्यांत शॉकअप गळायला लागले, तेव्हा उरलेलं अर्धं कळलं.

स्प्रिंग कडक होते, हे मान्य. समजा तिचे ६ वेढे काम करतात आणि गाडी उभी असताना तिची लांबी २०० मिलिमीटर आहे. दीड वेढा कापला, साडेचार उरले. प्रत्येक वेढ्यावर वजन पूर्वीइतकंच, त्यामुळे तो दबतोही तितकाच. लांबी पाव हिश्शाने घटून १५० वर येते. गाडी साधारण ५० मिलिमीटर खाली बसली आणि स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक झाली. इथपर्यंत सल्ला बरोबर. पण चाकाला वर जायला जागा किती उरली? आधी बंप स्टॉपला (चाकाची चाल संपते तिथला रबरी ठोकळा) टेकेपर्यंत ८० मिलिमीटर चाल होती असं धरा. आता ३० उरली. स्प्रिंग किती दणका पचवते हे चालीच्या वर्गावर ठरतं. तोच खड्डा ३० मिलिमीटरमध्ये पचवायचा तर स्प्रिंग सातपट कडक हवी, आणि आपण मिळवली सव्वापटीच्या थोडी वर. बाकीचा दणका बंप स्टॉप, शॉकअपचं माउंटिंग आणि आपली कंबर वाटून घेतात. लो केलेली गाडी ‘कडक’ लागते ती बऱ्याचदा स्प्रिंगमुळे नाही, तर ती सारखी रबराच्या ठोकळ्यावर बसलेली असते म्हणून.

कापण्यातही फरक आहेत. गॅसकटरने कापलं तर स्टीलचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरतं आणि स्प्रिंग हळूहळू बसत जाते. ग्राइंडर त्यातल्या त्यात बरा, पण कापलेल्या टोकाचा रंग गेलेला असतो आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपवर नसते, अ‍ॅक्सलच्या बीमवर सुटी बसवलेली असते. जॅक लावला किंवा चाक खड्ड्यात लटकलं की शॉकअप पूर्ण उघडतो. आखूड स्प्रिंग तेव्हा खोबणीत सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. मागून येणारा ‘टण्ण’ आवाज तोच.

वळणाचा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटतो. गुरुत्वमध्य खाली आला की बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतो. गाडी खाली बसवली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताचं, चाकाकडचं टोक वर जातं, आणि बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे बॉडीला झोपवणारा दांडा लांब होतो. स्प्रिंगचा वाढलेला कडकपणा त्यातच खर्च होतो. म्हणून रेसिंगवाले गाडी खाली आणताना लांब बॉलजॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) बसवून आर्म पुन्हा सरळ करतात.

अ‍ॅव्हरेजचं काय? एक्सप्रेसवेवर हवेचा अडथळा किंचित कमी होईल. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये शून्य.

अलाइनमेंट लागत नाही, हे मात्र सरळ खोटं. टायरॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरतात. उंची बदलली की टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती तिरकी आहेत ते) बदलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. बाहेरून नक्षी नवी दिसते, म्हणून तार दिसेपर्यंत कळतही नाही.

स्पीडब्रेकरबद्दल तो सल्ला गप्पच आहे. नियमातला ब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४५ मीटर. चाकंही ब्रेकरवरच असतात, म्हणून एवढ्या अंतरात तो गाडीच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. स्विफ्टच्या १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समधून ५० गेले तरी ती सहज निघेल. पण आपल्या गल्लीत तो ब्रेकर असतो कुठे? तिथे असतो रातोरात डांबर ओतून केलेला हातभर रुंदीचा उंचवटा. तो पूर्ण उंचीनिशी पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे येतो, आणि मागे तिघं बसले असतील तर चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) किंवा सायलेन्सर गेलाच.

आरसीवर उंची नसते, हे खरं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींबद्दलच बोलतं. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तयार लो स्प्रिंगचा सेट घातला म्हणून यातून आपोआप सुटका होत नाही, हे विकणारा सांगत नाही.

एवढं वाचूनही करायचंच असेल, तर २०-२५ मिलिमीटरवर थांबा आणि त्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप घ्या. स्ट्रटचा वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय उघडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा तोंड फोडते. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका. आणि लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळा. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझ्या गाडीत शॉकअपच्याही आधी तेच गेलं होतं.